साठ नॅनोसेकंद आधी

उभं राहावं लागेल, हे आधीच सांगून ठेवतो. शुक्रवार, 23 सप्टेंबर 2011, दुपारचे चार. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेचं मोठं सभागृह खच्चून भरलं आहे. तुम्ही मागच्या भिंतीला पाठ टेकून उभे राहा आणि एकच पथ्य पाळा: तोंड उघडायचं नाही. या गोष्टीचा शेवट तुम्ही वाचून आला आहात. इथे बसलेल्यांपैकी एकालाही तो ठाऊक नाही.

व्यासपीठावर प्रयोग करणाऱ्या गटातर्फे दारिओ औतिएरो बोलत आहेत. तुम्हाला वाटलं होतं, आइनस्टाईनला आव्हान देणारा माणूस थोडा तरी आवाज चढवेल. हे गृहस्थ तर पतपेढीचा ताळेबंद वाचून दाखवावा तसे बोलताहेत. कुठल्या तारेतून सिग्नल जायला किती वेळ लागला, कुठल्या कार्डाने किती वेळ खाल्ला, अंतर कसं मोजलं, जीपीएसची घड्याळं कुणाकडून तपासून घेतली. तक्त्यामागून तक्ता. 6 एप्रिल 2009 ला इटलीतलं लाक्विला शहर उद्ध्वस्त करणारा भूकंप झाला, तेव्हा प्रयोगाची जागा 7 सेंटिमीटर सरकली. तेसुद्धा यांच्या मोजणीने टिपलं आहे. इथपासून त्या जागेपर्यंतचं सुमारे 730 किलोमीटरचं अंतर त्यांनी 20 सेंटिमीटरच्या अचूकतेने मोजलंय. तुमच्या शेजारचा पिकल्या दाढीचा माणूस हळूच मान डोलावतो. सात सेंटिमीटर ज्यांच्या नजरेतून सुटत नाहीत, त्यांच्या नजरेतून आणखी काय सुटणार?

मग तो आकडा पडद्यावर येतो. न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशापेक्षा 60.7 नॅनोसेकंद आधी पोचले.

नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्यात प्रकाश जेमतेम फूटभर, 30 सेंटिमीटर, पुढे जातो. साठ नॅनोसेकंदांत 18 मीटर, म्हणजे एसटीच्या दीड गाडीएवढं अंतर. मुंबई ते नागपूर सरळ रेघ ओढली तर होईल त्याहूनही थोड्या लांब शर्यतीत न्यूट्रिनोने प्रकाशाला दीड एसटीने हरवलं, असा दावा आहे. ऐकायला किरकोळ वाटतं. पण मोजणीत दहा नॅनोसेकंदांच्या आसपास इकडेतिकडे होऊ शकतं असं हे लोक म्हणताहेत, आणि निकाल त्याच्या सहापट आहे. कणभौतिकीत पाचपट झालं की पेढे वाटायला हरकत नसते.

इथे मात्र कुणी पेढे वाटत नाही. औतिएरो एवढंच सांगतात की, आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा. प्रश्नोत्तरं सुरू होतात. नोबेल मिळालेले सॅम्युअल टिंग उठतात आणि प्रयोग फार सुंदर झाला, चुकांच्या शक्यता काळजीपूर्वक तपासल्या आहेत, म्हणून अभिनंदन करतात.

जीभ चावा. पथ्य आठवतंय ना?

प्रश्न लांबणार आहेत, तोवर ही शर्यत आतून बघून येऊ. त्यासाठी तुम्हाला न्यूट्रिनो व्हावं लागेल. घाबरू नका, दुखत नाही. न्यूट्रिनोला कशाचंच काही वाटत नाही, हाच त्याचा मुख्य गुण. सर्नच्या सात किलोमीटर परिघाच्या भूमिगत वर्तुळात प्रोटॉन फिरवून फिरवून 400 गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत पेटवले जातात आणि ग्रॅफाइटच्या कांड्यांवर आदळवले जातात. त्या टकरीतून पायॉन आणि केऑन नावाचे अल्पायुषी कण उडतात. पुढे किलोमीटरभर लांबीची, हवा काढून घेतलेली नळी आहे. तिच्यातून जाताना ते कण फुटतात आणि तुमचा जन्म होतो. जुळ्याचं दुसरं भावंड म्युऑन. नळीच्या टोकाला लोखंड आणि ग्रॅफाइटचा अडसर आहे, त्यापुढे खडक आहे. तिथे बाकी सगळे अडतात, म्युऑनही थोडं पुढे जाऊन संपतो. तुम्ही जाता. जिनिव्हा मागे पडतं. पृथ्वी वाटोळी असल्यामुळे सरळ जाणाऱ्याला पोटातून जावं लागतं, म्हणून वाटेच्या मध्यावर तुम्ही जमिनीखाली जवळजवळ 11 किलोमीटर खोल असता. वर कुठेतरी आल्प्स होते, आता टस्कनीचे द्राक्षमळे आहेत. तुम्हाला त्याचा पत्ता नाही.

2.4 मिलिसेकंद. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

आणि समोर ग्रान सास्सो. रोमच्या पूर्वेला, आपेनिन पर्वतरांगेतला डोंगर. त्याच्या पोटातून महामार्गाचा दहा किलोमीटरचा बोगदा जातो आणि त्या बोगद्याला लागूनच, 1400 मीटर खडकाखाली, प्रयोगशाळेची अवाढव्य दालनं कोरलेली आहेत. तिथे ऑपेरा नावाचा प्रयोग उभा आहे: शिशाचे पातळ पत्रे आणि फोटोफिल्म एकाआड एक रचून केलेल्या दीड लाख विटा, प्रत्येकी आठ किलोंच्या वर वजनाच्या. या विटा वेग मोजायला रचलेल्याच नव्हत्या. न्यूट्रिनो वाटेत जात बदलतो, म्युऑन जातीचा निघालेला टाऊ जातीचा होऊन पोचतो, तो बदल रंगेहाथ पकडायचा, एवढंच ऑपेराचं काम. वेग हा जोडधंदा होता.

तुम्ही बहुतेक करून या विटांमधूनही तसेच निघून जाल. पण कोट्यवधींतला एखादा अडकतो. तुम्ही अडकता. टक. घड्याळात वेळ नोंदवली जाते.

आता अडचण बघा. पोचल्याची वेळ कळली, निघाल्याची कुठे कळली? प्रोटॉनचा प्रत्येक घोट साडेदहा मायक्रोसेकंद लांब होता, म्हणजे ज्या फरकाची चर्चा चालली आहे त्याच्या पावणेदोनशे पट. त्या गर्दीत तुमचा बाप नेमका कोणता प्रोटॉन, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. म्हणून त्यांनी तीन वर्षांत सोळा हजारांवर न्यूट्रिनो गोळा केले आणि त्यांच्या येण्याचा आलेख प्रोटॉनच्या निघण्याच्या आलेखावर ठेवून, चादरीच्या घड्या जुळवाव्यात तसा सरकवत सरकवत बसवला. शंकेखोरांनी पहिलं बोट इथेच ठेवलं. त्यावर नोव्हेंबरपर्यंत सर्नने प्रोटॉनचे घोट चिमुकले, तीन-तीन नॅनोसेकंदांचे केले, त्यांच्यात 524 नॅनोसेकंदांचं अंतर ठेवलं. आता बाप ओळखता येत होता. 20 न्यूट्रिनो मिळाले. निकाल: 62 नॅनोसेकंद आधी. शंकेखोर गप्प.

सांख्यिकी निर्दोष निघाली. चूक तिथे नव्हतीच.

मधल्या काळात बाहेर काय चाललंय, तेही ओझरतं बघून घ्या. सरे विद्यापीठातले जिम अल-खलीली हे खरं ठरलं तर टीव्हीवर थेट प्रक्षेपणात आपली चड्डी खाऊन दाखवतो म्हणताहेत. इटलीच्या शिक्षणमंत्री मारियास्तेला जेल्मिनी यांच्या नावाने अभिनंदनाचं पत्रक निघालं आहे, त्यात सर्न ते ग्रान सास्सो हा बोगदा बांधायला इटलीने साडेचार कोटी युरो दिल्याचा अभिमानाने उल्लेख आहे. 730 किलोमीटरचा बोगदा! न्यूट्रिनोला बोगदा लागत नाही, एवढं एक सोडलं तर पत्रक नीटनेटकं होतं. आपल्याकडच्या मंत्र्यांवर हसायची सवय असलेल्यांनी इथे घटकाभर थांबायला हरकत नाही.

आता आणखी मागे, अशाच एका जुन्या शर्यतीकडे चला. 23 फेब्रुवारी 1987, जपानमधली कामिओकाची खाण. जमिनीखाली पाण्याची टाकी आहे, भिंतींवर प्रकाश टिपणारे मोठाले बल्ब लावले आहेत. तेरा सेकंदांत अकरा चमका. त्याच सुमारास अमेरिकेतल्या आयएमबी प्रयोगात आठ, सोव्हिएत संघातल्या बाक्सानमध्ये पाच. हे चोवीस न्यूट्रिनो कुठून आले? 1 लाख 68 हजार प्रकाशवर्षांवरच्या एका ताऱ्याचा स्फोट झाला होता, तिथून. काही तासांनी त्या स्फोटाचा उजेडही पृथ्वीवर पोचला. न्यूट्रिनो तीनेक तास आधी आले, कारण स्फोटाचा धक्का ताऱ्याच्या पृष्ठभागाशी पोचेपर्यंत उजेड बाहेर पडत नाही आणि यांना तसं थांबावं लागत नाही. म्हणजे दीड लाखाहून जास्त वर्षं दोघे बरोबरीने धावले.

ऑपेराच्या हिशेबाने प्रत्येक लाख प्रकाशवर्षांमागे न्यूट्रिनोने अडीच वर्षांची आघाडी घ्यायला हवी. तसं असतं तर तो थवा चार वर्षं आणि वर दोन महिने आधी आला असता, म्हणजे 1982 च्या डिसेंबरात. हवं तर त्या तारखेलाही जाऊन बघा. कामिओकाचं यंत्र अजून सुरूच झालेलं नाही, ते 1983 च्या जुलैत चालू होईल. तो थवा आला असता आणि जपानला न कळता गेला असता. पण तो 1987 मध्ये आला, उजेडाच्या बोटाला धरून आला. (तुमच्यातला वकील म्हणेल, ताऱ्यातले न्यूट्रिनो वेगळ्या जातीचे आणि ऑपेराच्या मानाने शेकडोपट कमी ऊर्जेचे होते. बरोबर. ऑपेराची बाजू घेणारे हेच म्हणत होते, आणि त्यात तर्क होता.)

पण मुळात घाबरायचं काय एवढं? दीड एसटीचाच तर प्रश्न. गंमत अशी, की तुमची ही सगळी सहल त्या दीड एसटीवर उभी आहे. न्यूट्रिनो खरंच प्रकाशाहून इतका जलद असेल, तर प्रकाशाच्या वेगापेक्षा हजारात अडीच शतांशांनी, म्हणजे लाखात अडीच भागांनी, कमी वेगाने त्याच दिशेला जाणाऱ्या माणसाला न्यूट्रिनोचं निघणं आणि पोचणं या दोन्ही घटना एकाच क्षणी घडलेल्या दिसतील. तो आणखी किंचित जलद असेल तर त्याला न्यूट्रिनो आधी ग्रान सास्सोला पोचलेला दिसेल आणि मग सर्नहून निघालेला. असे दोन निरोपे एकमेकांकडे पाठवले, की प्रश्न विचारायच्या आधी उत्तर हातात येऊ शकतं. काल जाऊन परवाचा पेपर वाचून येता येतं. तुम्ही इथे उभे आहात तसं.

हा वेडेपणा म्हणून सोडून देण्याजोगा विचार नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उमेदवारी केलेले इ. सी. जी. सुदर्शन यांनी बिलानियुक आणि देशपांडे या दोघांबरोबर 1962 सालीच एक शोधनिबंध लिहिला. (देशपांडे आमच्याकडचे की धारवाडकडचे, हे शोधत बसू नका.) त्यांचं म्हणणं असं, की सापेक्षतावाद प्रकाशाचा वेग ओलांडायला मनाई करतो, पण जन्मापासूनच पलीकडे असलेल्याला मनाई करत नाही. सुदर्शन दाखला द्यायचे हिमालयाचा: पर्वत कुणाला ओलांडता येत नाही, म्हणून पलीकडे माणसंच नाहीत असं म्हणणारा लोकसंख्यातज्ज्ञ जितका हुशार, तितकेच प्रकाशाच्या वेगापलीकडे काही नाही म्हणणारे. पलीकडची माणसं पलीकडेच जन्मली आहेत. अशा कणांना पुढे जेराल्ड फाइनबर्ग यांनी टॅकिऑन हे नाव दिलं. आपले जयंत नारळीकर यांनी सुदर्शन यांच्यासह 1976 मध्ये विश्वरचनाशास्त्राच्या अंगाने या टॅकिऑनचा विचार केला होता. टॅकिऑन आजवर सापडलेला नाही. पण त्याला नाही म्हणायला चांगली कारणं लागतात, नुसता धाक पुरत नाही, एवढं त्या मंडळींनी दाखवून दिलं.

ऑपेराविरुद्धचं चांगलं कारण सहा दिवसांत आलं. अँड्र्यू कोहेन आणि शेल्डन ग्लॅशो यांनी दाखवलं, की न्यूट्रिनो प्रकाशाहून एवढा जलद असता तर वाटेत इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या उधळत, ऊर्जा गमावत आला असता. ग्रान सास्सोत पोचेपर्यंत तो पार निस्तेज झालेला दिसायला हवा. शेजारच्याच दालनातल्या इकारस प्रयोगाने आपले न्यूट्रिनो तपासले. ते चांगले ताजेतवाने होते.

म्हणजे निकाल चूक आहे हे जवळजवळ नक्की झालं. चूक कुठे आहे, हे मात्र कुणालाच सांगता येईना. त्या काही आठवड्यांत शोधनिबंधांचा पाऊस पडला: जादा मिती, अवकाशाची जाळी, जीपीएस उपग्रहांची गती, काय काय. सगळ्या जगाने डोकं खाजवलं. मला आजही यातली खरी गोम ही वाटते. औतिएरोंनी प्रामाणिकपणे जगाला बोलावलं होतं, पण जिथे चूक होती तिथे जगाचा हात पोचत नव्हता.

चला, तिथे जाऊ. डिसेंबर 2011, ग्रान सास्सोचं दालन. थंडी बाहेरच्यासारखी नाही, पण ओल आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या कपाटापुढे उभे राहा. वर डोंगरावरच्या इमारतीत जीपीएसचा रिसीव्हर आहे, कारण खडकाखाली उपग्रह दिसत नाही. तिथली बिनचूक वेळ 8.3 किलोमीटर लांब फायबरमधून प्रकाशाच्या ठोक्यांनी खाली येते आणि या कपाटातल्या मुख्य घड्याळाला मिळते. फायबर जिथे घड्याळात शिरतं, तिथे बोटांनी फिरवून बसवायचा एक छोटा कनेक्टर आहे.

तो पूर्ण बसलेला नाही.

तुम्ही हसाल. टीव्हीवर मुंग्या आल्या की मागे जाऊन केबल हलवून बघायची, हे आपल्याकडे सातवीतल्या पोराला कळतं. पण इथे मुंग्या आल्या नव्हत्या, हाच तर घात होता. तार सुटली असती तर सगळं बंद पडलं असतं आणि पाच मिनिटांत सापडलं असतं. अर्धवट बसलेल्या कनेक्टरमधून प्रकाश येत होता, फक्त कमी येत होता. कमी प्रकाशात पलीकडच्या सेन्सरला ‘ठोका आला’ म्हणण्याएवढा भरायला जास्त वेळ लागायचा. किती जास्त? सुमारे 73 नॅनोसेकंद. रोज, न चुकता, तेवढेच. त्यामुळे खालचं घड्याळ तेवढं मागे राहिलं. स्वयंपाकघरातलं घड्याळ पाच मिनिटं मागे असलं की पाहुणे नेहमीच वेळेआधी येतात.

दुसराही एक दोष सापडला: घड्याळाचं स्फटिक किंचित जास्त वेगाने टिकटिकत होतं आणि निकाल उलट बाजूला, 15 नॅनोसेकंदांच्या आसपास, ढकलत होतं. आता वजाबाकी करा. 73 वजा 15. आइनस्टाईन एवढ्यात वाचले.

नुसता सैल कनेक्टर सापडला म्हणून भागत नाही, तो मागचे सगळे महिने सैल होता हे कशावरून? इथे मला या मंडळींचं खरंच कौतुक वाटतं. त्याच डोंगरात, ऑपेरापासून 160 मीटरवर, एलव्हीडी नावाचा दुसरा प्रयोग होता. वातावरणात जन्मणारे म्युऑन सहसा वरून पडतात. पण तेरामो शहराच्या बाजूला खडक जरा कमी जाड आहे, तिथून क्वचित एखादा म्युऑन आडवा येतो आणि दोन्ही यंत्रांतून आरपार जातो. जुन्या नोंदी चाळून असे तीनशेच्या वर म्युऑन निवडले आणि दोन्ही घड्याळांच्या वेळा ताडून पाहिल्या. ऑगस्ट 2008 पासून डिसेंबर 2011 पर्यंत ऑपेराचं घड्याळ सुमारे 73 नॅनोसेकंद सरकलेलं. त्याच्या आधी ठीक. त्याच्या नंतर ठीक. आभाळातून आडव्या आलेल्या साक्षीदारांनी तारखेसकट जबानी दिली.

बाकीचं भरभर बघू. फेब्रुवारी 2012 मध्ये कनेक्टरची बातमी फुटली. मार्चच्या मध्याला इकारसने स्वतः सात न्यूट्रिनोंचा वेग मोजून सांगितला: प्रकाशाएवढाच. ऑपेरात तर पहिल्या दिवसापासून सगळे एकमताचे नव्हते, काहींनी सप्टेंबरच्या मसुद्यावर नाव घालू दिलं नव्हतं. मार्चअखेर प्रवक्ते अंतोनिओ एरेदितातो यांच्यावर अविश्वासाचं मतदान झालं. बहुमत विरोधात गेलं, पण हटवायला लागणारं दोनतृतीयांश नव्हतं. 30 मार्चला एरेदितातो आणि औतिएरो दोघांनीही पदं सोडली. आकडा जाहीर केला म्हणून त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. तीन वर्षं लपवून ठेवला असता तर ते जास्त वाईट. पण भूकंपाचे 7 सेंटिमीटर धरणाऱ्यांनी सभागृहात यायच्या आदल्या आठवड्यात आपल्या एका फायबरचा विलंब पुन्हा मोजला असता, तर तुम्हाला आज भिंतीला टेकून उभं राहावं लागलं नसतं.

8 जून 2012, क्योटो. न्यूट्रिनो परिषदेत सर्नचे सेर्जिओ बेर्तोलुच्ची ग्रान सास्सोच्या चार प्रयोगांचे, बोरेक्सिनो, इकारस, एलव्हीडी आणि ऑपेरा यांचे, एकत्र निकाल वाचतात. चारही म्हणतात, न्यूट्रिनो आणि प्रकाश बरोबर पोचले. टाळ्या ऐकायला थांबायची गरज नाही. जोडधंद्यात नाचक्की झालेल्या ऑपेराने मूळ काम मात्र पुरं केलं: 2018 पर्यंत त्यांनी जात बदलून आलेले दहा टाऊ न्यूट्रिनो दाखवले.

परत घरी आलात, तरी सप्टेंबर 2011 तुमच्या हाताशी आहे. आर्काइव्ह या शोधनिबंधांच्या संकेतस्थळावर 1109.4897 हा क्रमांक शोधा. सुरुवातीचे चार अंक म्हणजे 2011 चा नववा महिना. एकाच शीर्षकाखाली त्या निबंधाच्या सगळ्या आवृत्त्या ठेवलेल्या आहेत, एकही पुसलेली नाही. शेवटची उघडलीत तर 6.5 नॅनोसेकंद आणि त्याहून मोठी अनिश्चितता मिळेल. पहिली उघडा. तिथे अजून 60.7 आहे.